क्वीनचे १५ अल्बम: सगळ्यात कमकुवत कोणता, सर्वोत्तम कोणता?

क्रिकेटचा सामना असो, कबड्डीचा असो की कॉलेजचं गॅदरिंग, कुणीतरी दोनदा पाय आपटून एक टाळी वाजवली की पुढे काय करायचं ते कुणाला सांगावं लागत नाही. तो ठेका 'वी विल रॉक यू' या गाण्याचा आणि ते गाणं क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं. २०१८ मध्ये आलेल्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या चित्रपटामुळे तर नव्या पिढीलाही हा बँड आणि त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी चांगलाच ओळखीचा झाला.

पण गंमत बघा. क्वीनची गाणी सगळ्यांना ठाऊक असतात, त्यांचे अल्बम मात्र फार थोड्यांनी ऐकलेले असतात. त्याला कारणही तसंच आहे. १९८१ मध्ये आलेला 'ग्रेटेस्ट हिट्स' हा त्यांच्या निवडक गाण्यांचा संग्रह ब्रिटनच्या इतिहासातला सर्वाधिक खपलेला अल्बम आहे. २०२२ मध्ये त्याने तिथे ७० लाख प्रतींचा टप्पा ओलांडला. तयार ताट समोर असताना स्वयंपाकघरात डोकावणार कोण?

१९७३ ते १९९५ या काळात क्वीनचे १५ स्टुडिओ अल्बम आले. त्यांची ही क्रमवारी, तळापासून वरपर्यंत.

बँडमध्ये कोण कोण होतं?

फ्रेडी मर्क्युरी: गायक आणि पियानोवादक. मूळ नाव फारुख बलसारा. जन्म १९४६ साली झांजिबारमधल्या पारशी कुटुंबात. शाळा मात्र आपल्या पाचगणीतली, सेंट पीटर्स. पियानो तो तिथेच शिकला आणि 'द हेक्टिक्स' हा त्याचा पहिला बँडही याच शाळेत तयार झाला. १९६४ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेलं.

ब्रायन मे: गिटारवादक. वडिलांच्या मदतीने त्याने स्वतःची गिटार घरीच बनवली आणि आयुष्यभर तीच वाजवली. संगीतासाठी अर्धवट सोडलेली खगोलभौतिकीतली पीएचडी त्याने २००७ मध्ये पूर्ण केली.

रॉजर टेलर: ड्रमवादक. अतिशय उंच पट्टीतला आवाज ही त्याची दुसरी ओळख.

जॉन डीकन: बेसवादक. चौघांत सगळ्यात शेवटी, १९७१ मध्ये आला. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं, स्वभाव अबोल.

क्रमवारीची कसोटी काय?

बहुतेक बँडमध्ये एक किंवा दोघे जण गाणी लिहितात आणि बाकीचे वाजवतात. क्वीनमध्ये चौघेही लिहायचे आणि चौघांच्याही गाण्यांनी बाजार गाजवला. २००३ मध्ये अमेरिकेच्या 'साँगरायटर्स हॉल ऑफ फेम'मध्ये चौघांचाही एकत्र समावेश झाला. अख्ख्या बँडला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

ऐकायला हे छान वाटतं, पण भांडणाचं मूळही इथेच होतं. गाणं ज्याच्या नावावर, लेखनाची रॉयल्टी त्याला. त्या काळी 'सिंगल' म्हणजे दोन बाजूंची छोटी तबकडी असायची. पुढच्या बाजूला गाजवायचं गाणं, मागच्या बाजूला दुसरं कुठलंही. तबकडी खपली की दोन्ही गाण्यांच्या लेखकांना सारखेच पैसे मिळत. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या मागच्या बाजूला रॉजरचं 'आय एम इन लव्ह विथ माय कार' हे गाणं होतं. लोकांनी तबकडी घेतली फ्रेडीच्या गाण्यासाठी, पण तेवढीच रॉयल्टी रॉजरच्याही खात्यात जमा झाली. चित्रपटात या गाण्यावरून जी चेष्टा चालते, तिच्यामागे हा खराखुरा हिशोब आहे.

त्यामुळे अल्बममध्ये कुणाचं गाणं घ्यायचं आणि कुणाचं सिंगल म्हणून काढायचं यावर वर्षानुवर्षं ओढाताण झाली. आमची कसोटी त्यातूनच आली आहे. चार दिशांना ओढणारे चार लेखक एका अल्बममध्ये कितपत एकत्र नांदले? त्या ओढाताणीतून संगीत श्रीमंत झालं की विस्कटलं? एखाद्या अल्बममध्ये गाजलेली गाणी किती, हे आम्ही दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं आहे.

१५. फ्लॅश गॉर्डन (१९८०)

हा तळाला असला तरी त्याचा दोष फारसा नाही, कारण हे 'फ्लॅश गॉर्डन' नावाच्या विज्ञानपटाचं पार्श्वसंगीत आहे. पूर्ण गायलेली गाणी जेमतेम दोन. बाकी सगळे छोटे छोटे वाद्यसंगीताचे तुकडे आणि मध्ये मध्ये चित्रपटातले संवाद. ब्रायनने लिहिलेलं शीर्षकगीत मात्र आजही झकास वाटतं. चित्रपट पाहिला असेल तर मजा येईल, नुसता अल्बम म्हणून ऐकायला बसलात तर कंटाळा येईल.

१४. हॉट स्पेस (१९८२)

क्वीनचा सगळ्यात वादग्रस्त अल्बम. १९८० मध्ये डीकनचं नाचायला लावणारं एक गाणं जगभर गाजलं होतं. त्याच वाटेवर पुढे जायचं म्हणून फ्रेडी आणि डीकन फंक आणि डिस्कोकडे वळले. ब्रायनच्या गिटारला कोपऱ्यात बसावं लागलं आणि रॉकचे चाहते नाराज झाले.

नाचाचं संगीत केलं ही चूक नव्हती. चूक ही की चौघे एका खोलीत असल्यासारखे वाटतच नाहीत. पहिली बाजू एका बँडची आणि दुसरी बाजू दुसऱ्याच बँडची वाटते. डेव्हिड बोवीबरोबर केलेलं 'अंडर प्रेशर' मात्र अव्वल दर्जाचं आहे. पण ते १९८१ मध्येच सिंगल म्हणून येऊन ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर जाऊन आलं होतं. इथे ते शेवटच्या गाण्याच्या जागी आणून बसवलं आहे.

१३. अ काइंड ऑफ मॅजिक (१९८६)

१३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्लीच्या मैदानावर 'लाइव्ह एड' झाला. क्वीनच्या वीसेक मिनिटांनी तो कार्यक्रम खिशात घातला आणि थकलेल्या बँडमध्ये पुन्हा जीव आला. त्यानंतरचा हा अल्बम. नऊपैकी सहा गाणी 'हायलँडर' या चित्रपटात वापरलेली आहेत, त्यामुळे अर्धा अल्बम आणि अर्धं चित्रपटसंगीत असा मामला झाला आहे.

यातलं एक गाणं मात्र चुकवू नका. 'हू वॉन्ट्स टू लिव्ह फॉरएव्हर'. चित्रपटाचा नायक अमर आहे, त्याची बायको मात्र त्याच्यासमोर म्हातारी होऊन मरते. त्या प्रसंगासाठी ब्रायनने हे लिहिलं. पुढे फ्रेडीच्या बाबतीत जे घडलं, त्यानंतर ते ऐकताना अंगावर काटा येतो. या अल्बमनंतरच्या दौऱ्यात ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थला झालेला कार्यक्रम फ्रेडीचा क्वीनसोबतचा शेवटचा ठरला.

१२. द मिरॅकल (१९८९)

संगीतापेक्षा एका निर्णयासाठी लक्षात ठेवावा असा हा अल्बम. गाणं कुणीही लिहिलेलं असो, नाव फक्त 'क्वीन' असं लागेल आणि पैसे चौघांत सारखे वाटले जातील, असं इथून ठरलं. मुखपृष्ठावर चौघांचे चेहरे एकमेकांत मिसळलेले दिसतात, त्याचा अर्थ हाच.

हे नेमकं आत्ताच का झालं? चित्रपटात फ्रेडीला एड्सचं निदान लाइव्ह एडच्या आधी झाल्याचं दाखवलं आहे. प्रत्यक्षात ते १९८७ मध्ये झालं. म्हणजे हा अल्बम होत असताना फ्रेडी आजारी होता आणि हाताशी किती वेळ आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. 'आय वॉन्ट इट ऑल' आणि शेवटचं 'वॉज इट ऑल वर्थ इट' ही दोन गाणी दणदणीत आहेत. मधली काही मात्र त्या काळातल्या सिंथेसायझरच्या चकचकाटात हरवली.

११. मेड इन हेवन (१९९५)

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी फ्रेडी गेला. त्याच्या आवाजाचं जे काही ध्वनिमुद्रण मागे उरलं होतं, त्याभोवती उरलेल्या तिघांनी चार वर्षांनी हा अल्बम उभा केला. काही गाणी फ्रेडीच्या स्वतंत्र अल्बममधली, काही शेवटच्या महिन्यांतली.

'मदर लव्ह' ऐकाल तेव्हा शेवटच्या कडव्याकडे लक्ष द्या. तिथे आवाज बदलतो आणि ब्रायन गायला लागतो. फ्रेडीने ते कडवं नंतर गातो म्हणून सोडलं होतं, ते राहूनच गेलं. अल्बम म्हणून हा गोळा केलेल्या तुकड्यांचा आहे, त्यामुळे क्रमांक खाली. पण मित्रांनी मित्रासाठी मन लावून केलेलं हे काम आहे आणि ते ऐकताना जाणवतं.

१०. क्वीन (१९७३)

पहिला अल्बम. स्टुडिओ भाड्याने घेण्याएवढे पैसे नव्हते. त्यामुळे लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत दुसऱ्यांचं काम नसेल त्या वेळात, अनेकदा रात्री-अपरात्री, ध्वनिमुद्रण चालायचं. आवाज थोडा कोंदट आहे तो त्यामुळेच. २०२४ मध्ये हा अल्बम नव्याने मिक्स करून पुन्हा काढला गेला.

ब्रायनचं 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह' हे पहिलं सिंगल तेव्हा साफ आपटलं. आज ऐकलं तर नवल वाटतं, कारण पुढच्या क्वीनची बहुतेक लक्षणं त्यात आहेत. डीकनचं इथे एकही गाणं नाही. चौकडीतला चौथा अजून गप्प आहे.

९. द वर्क्स (१९८४)

'हॉट स्पेस'चा फटका बसल्यावर बँड शहाणा झाला. या अल्बममधून 'रेडिओ गा गा', 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री', 'इट्स अ हार्ड लाइफ' आणि 'हॅमर टू फॉल' ही चार मोठी सिंगल निघाली. ती अनुक्रमे रॉजर, डीकन, फ्रेडी आणि ब्रायन यांची. चौघांना एकेक! इतकी समसमान वाटणी आधी कधी झाली नव्हती.

'ब्रेक फ्री'च्या व्हिडिओत चौघांनी बायकांचे कपडे घातले होते. ब्रिटनमध्ये लोक हसले, अमेरिकेत अनेकांना ते रुचलं नाही आणि तिथे बँडचं वजन घटलं. लेडी गागाने आपलं नाव 'रेडिओ गा गा'वरून घेतलं, हेही जाता जाता सांगायला हवं. चार गाणी अप्रतिम, बाकीची बेताची. म्हणून नववा क्रमांक.

८. जॅझ (१९७८)

नाव जॅझ, पण आत जॅझ जवळपास नाहीच. बाकी सगळं आहे. सुरुवातच 'मुस्तफा'ने होते. त्यात फ्रेडी अरबी वळणाच्या शब्दांशी खेळत गातो आणि ऐकणारा चक्रावून जातो. पुढे सायकलच्या घंट्या वाजवणारं 'बायसिकल रेस' आहे आणि 'डोन्ट स्टॉप मी नाऊ'ही आहे.

या शेवटच्या गाण्याची गोष्ट मजेशीर आहे. १९७९ मध्ये ते सिंगल म्हणून आलं तेव्हा ब्रिटनमध्ये नवव्या क्रमांकापर्यंतच पोचलं. आज मात्र ते क्वीनच्या सगळ्यात लाडक्या गाण्यांपैकी एक आहे. तेव्हाच्या समीक्षकांनी हा अल्बम झोडपला होता. तो पसरट आहे हे खरंच. तेरा गाणी आहेत आणि कुणीतरी हात धरून चार कमी करायला हवी होती.

७. न्यूज ऑफ द वर्ल्ड (१९७७)

'वी विल रॉक यू' आणि 'वी आर द चॅम्पियन्स' इथली. पहिलं ब्रायनचं, दुसरं फ्रेडीचं. त्या वर्षी इंग्लंडमधल्या एका कार्यक्रमानंतर प्रेक्षक आपणहून एकसुरात गायला लागले. ते पाहून ब्रायनच्या मनात आलं, की प्रेक्षकांनाच वाजवता येईल असं काही का करू नये? दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांना काय जमेल? पाय आपटणं आणि टाळी. मग बँडने तो आवाज अनेकदा मुद्रित करून एकावर एक चढवला. या गाण्यात ड्रम अजिबात नाहीत आणि गिटारही शेवटी येते.

त्या वर्षी ब्रिटनमध्ये पंकची लाट होती. साधं, रागीट, तीन सुरांचं संगीत चालत होतं आणि क्वीनसारखे बँड जुनाट ठरवले जात होते. क्वीनने उत्तर म्हणून आपला पसारा कमी केला. ब्रायनची चार गाणी, फ्रेडीची तीन, रॉजरची दोन, डीकनची दोन. वाटणी उत्तम आहे, पण पहिल्या दोन गाण्यांची उंची पुढची नऊ गाठत नाहीत. डीकनचं 'स्प्रेड युवर विंग्ज' आणि ब्रायनचं 'इट्स लेट' मात्र आवर्जून ऐका.

६. अ डे ॲट द रेसेस (१९७६)

आदल्या वर्षीच्या यशस्वी अल्बमचं नाव मार्क्स बंधूंच्या एका विनोदी चित्रपटावरून घेतलं होतं, याचंही त्यांच्याच दुसऱ्या चित्रपटावरून घेतलं. संगीतातही तोच साचा वापरला. गणपतीची दुसरी मूर्ती पहिलीइतकीच सुबक निघाली, पण पहिली पाहिल्यावर जो आ वासला होता तो पुन्हा वासला गेला नाही, असं काहीसं झालं.

तरीही 'समबडी टू लव्ह'साठी हा अल्बम घ्यावाच. फ्रेडीला अरीथा फ्रँकलिनचं गाणं फार आवडायचं. अमेरिकेतल्या चर्चमधल्या समूहगायनाचा तो थाट त्याला हवा होता. ऐकताना वाटतं शंभर माणसं गात आहेत. गाणारे फक्त तिघे आहेत. फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर, पुन्हा पुन्हा, थरावर थर. जपानमधल्या चाहत्यांसाठी ब्रायनने लिहिलेलं शेवटचं गाणं थोडं जपानीतही आहे.

५. द गेम (१९८०)

अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेला क्वीनचा एकमेव स्टुडिओ अल्बम. दहा गाणी, पस्तीस मिनिटं, एक थेंब फुकट नाही. फ्रेडीची तीन, ब्रायनची तीन, डीकनची दोन, रॉजरची दोन.

आधीच्या अल्बमवर 'आम्ही सिंथेसायझर वापरलेला नाही' असं अभिमानाने छापणाऱ्या बँडने इथे पहिल्यांदा तो वापरला. म्युनिकमधल्या हॉटेलात अंघोळ करता करता फ्रेडीला 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' सुचलं आणि ते अमेरिकेत पहिलं आलं. डीकनचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट'ही तिथे पहिलं आलं. ते सिंगल म्हणून काढा असं मायकल जॅक्सनने सुचवलं होतं, हा किस्सा बँडनेच सांगितला आहे. अबोल डीकनच्या या एका बेसच्या धूनने क्वीनला अमेरिकेतल्या डान्स फ्लोअरवर नेऊन पोचवलं. चौघांचा तोल सांभाळण्यात इतकं यश नंतर फार कमी वेळा आलं.

४. इन्युएन्डो (१९९१)

फ्रेडीच्या हयातीतला शेवटचा अल्बम. तो खूप अशक्त झाला होता आणि बाहेर कुणाला काही कळू दिलं जात नव्हतं. 'द मिरॅकल'मध्ये घेतलेल्या निर्णयाचं खरं फळ इथे दिसतं. नाव कुणाचं, पैसे कुणाचे हा प्रश्नच उरला नव्हता. होतं ते फक्त काम.

'द शो मस्ट गो ऑन' हे गाणं मुख्यतः ब्रायनने बांधलं. त्यातले वरचे सूर या अवस्थेत फ्रेडीला झेपतील का, याची त्याला काळजी होती. फ्रेडीने व्होडकाचा घोट घेतला आणि ते गाऊन टाकलं, असं ब्रायनने अनेकदा सांगितलं आहे. ऐकल्यावर पटतं की अशक्तपणा शरीरात होता, गळ्यात नव्हता.

'दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' हे मुख्यतः रॉजरचं. त्याच्या व्हिडिओत फ्रेडी शेवटचा कॅमेऱ्यासमोर आला. तो किती खंगला आहे ते फार दिसू नये म्हणून चित्रण कृष्णधवल ठेवलं. शीर्षकगीत साडेसहा मिनिटांचं आहे, मध्येच स्पॅनिश गिटार येते आणि तरीही ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. दोन-तीन गाणी हलकी आहेत, नाहीतर हा आणखी वर गेला असता.

३. क्वीन टू (१९७४)

कट्टर चाहत्यांना विचाराल तर अनेक जण हाच पहिला म्हणतील. तबकडीच्या बाजूंना इथे 'ए' आणि 'बी' ऐवजी 'पांढरी' आणि 'काळी' अशी नावं आहेत. पांढऱ्या बाजूवर ब्रायनची गाणी आणि एक रॉजरचं. काळ्या बाजूवर सगळी फ्रेडीची. दोन लेखकांची स्पर्धा इतकी उघडपणे मांडलेला अल्बम दुसरा नाही.

फ्रेडीची बाजू म्हणजे परीकथा, राक्षस आणि राण्यांचं जग. एक गाणं तर लंडनच्या टेट संग्रहालयातल्या रिचर्ड डॅडच्या एका चित्रावर बेतलेलं आहे. गाण्यात मध्येच चाल बदलणं, आवाजांचे थर रचणं, रॉक आणि नाट्यसंगीत एकत्र आणणं, हे सगळं इथे सापडलं. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा पाया हाच. मुखपृष्ठावर काळोखातून वर पाहणारे चार चेहरे आहेत. पुढे त्याच छायाचित्राची नक्कल करून 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा प्रसिद्ध व्हिडिओ झाला. मग तिसरा क्रमांक का? कारण हा दोघांचा अल्बम आहे, चौघांचा नाही.

२. शीर हार्ट अटॅक (१९७४)

'क्वीन टू'नंतर आठच महिन्यांनी आलेला. त्या आठ महिन्यांत अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना ब्रायनला कावीळ झाली आणि दौरा अर्धवट सोडून परतावं लागलं. मग अल्सर झाला. तो इस्पितळात असताना बाकीच्या तिघांनी काम सुरू ठेवलं आणि गिटारसाठी जागा मोकळ्या सोडल्या. आपल्यावाचून चालेल असं त्यांना वाटेल, ही भीती ब्रायनच्या मनात होती. पण जागा त्याचीच होती. बरा झाल्यावर त्याने ती भरली. 'नाऊ आय एम हिअर' तर त्याने इस्पितळातल्या खाटेवरच लिहिलं.

डीकनचं पहिलं गाणं याच अल्बमात आहे. चौघांच्या नावावरचं पहिलं गाणंही इथलंच, 'स्टोन कोल्ड क्रेझी'. ते इतकं वेगवान आहे की पुढे मेटालिकाने ते गायलं आणि त्यासाठी ग्रॅमी मिळवलं. फ्रेडीचं 'किलर क्वीन' ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं आणि बँडचे दिवस पालटले. हार्ड रॉक, नाटकी गाणी, जुन्या धाटणीची मजेशीर गाणी, सगळं चाळीस मिनिटांच्या आत. चौघे एकत्र लिहायला लागले तो क्षण हा आहे.

१. अ नाइट ॲट द ऑपेरा (१९७५)

होय, अपेक्षित उत्तर. पण कारण कदाचित अपेक्षित नसेल.

या अल्बमच्या वेळी क्वीनची गाणी गाजत होती, पण हातात पैसा नव्हता. जुन्या व्यवस्थापनाशी बिनसलं होतं आणि त्याचा सगळा राग पहिल्याच गाण्यात ओतलेला आहे. बँड त्यातून बाहेर पडला, नवा व्यवस्थापक आला आणि त्यांनी त्या काळातल्या अतिशय खर्चिक अल्बमांपैकी एक करायला घेतला. तो आपटला असता तर क्वीन संपला असता.

बारा गाणी. फ्रेडीची पाच, ब्रायनची चार, रॉजरचं एक, डीकनचं एक आणि शेवटी गिटारवर ब्रिटनचं राष्ट्रगीत. डीकनने बायकोसाठी 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' लिहिलं. त्यातला इलेक्ट्रिक पियानो फ्रेडीला आवडेना, म्हणून तो डीकनने स्वतः वाजवला. ब्रायनचं '३९' हे साधं लोकगीतासारखं गाणं आहे, पण विषय सापेक्षतावादाचा. अंतराळवीरांचा प्रवास एक वर्षाचा होतो आणि परत येतात तर पृथ्वीवर शंभर वर्षं उलटलेली असतात. रॉजर गाडीवर प्रेम करतो. फ्रेडीचं 'लव्ह ऑफ माय लाइफ' पुढे दक्षिण अमेरिकेत एवढं लोकप्रिय झालं की ते प्रेक्षकच गायचे.

आणि 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. पाच मिनिटं पंचावन्न सेकंद, धृपद नाही, मध्ये ऑपेरा. एवढं लांब गाणं रेडिओवर कुणी लावणार नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. लंडनच्या एका रेडिओवर केनी एव्हरेट या निवेदकाने एका शनिवार-रविवारी ते पुन्हा पुन्हा वाजवलं आणि सोमवारी लोक दुकानात विचारायला लागले. ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. फ्रेडी गेल्यावर ते पुन्हा काढलं आणि पुन्हा पहिलं आलं.

एवढं मोठं गाणं दुसऱ्या कुठल्याही अल्बमला गिळून टाकेल. इथे तसं होत नाही. ते जवळजवळ शेवटी येतं आणि तोपर्यंत चौघांनी आपापलं म्हणणं मांडलेलं असतं. रॉयल्टीवरून, मागच्या बाजूवरून, पियानोवरून भांडणं झाली, पण कुणाचंही गाणं दुसऱ्यासारखं करण्याचा आग्रह कुणी धरला नाही. म्हणूनच हा पहिला.

सुरुवात कुठून करायची?

क्वीन अगदी नवा असेल तर 'द गेम' घ्या. पस्तीस मिनिटांत चौघांची ओळख होते.

हिट गाणी पाठ असतील आणि आता अल्बम ऐकायचे असतील तर 'शीर हार्ट अटॅक' आणि लगेच 'अ नाइट ॲट द ऑपेरा'. दोन्ही ओळीने, मधलं एकही गाणं न वगळता.

चित्रपट पाहून फ्रेडीबद्दल वाटलं असेल तर 'इन्युएन्डो'. चित्रपट लाइव्ह एडपाशी थांबतो, त्यापुढची गोष्ट इथे आहे.

आणि ऐकताना एक करा. ॲपवर गाण्याच्या तपशिलात लेखकाचं नाव दिलेलं असतं, ते बघत चला. चार-पाच गाण्यांनंतर नाव न बघताही हे ब्रायनचं, हे डीकनचं, असं ओळखता यायला लागतं. तिथून पुढे तुमची स्वतःची क्रमवारी तयार होईल. ती या यादीपेक्षा वेगळी निघाली तर उत्तमच. क्वीनमधल्या चौघांचंही एकमेकांशी कधी पूर्ण पटलं नव्हतं.